तीनशे बारापर्यंत

कोळसा म्हणे उगाळावा तितका काळाच.
लाउझित्समध्ये या आणि उगाळून बघा.
आमचा तपकिरी निघतो,
आजोबांच्या डबीतल्या तपकिरीसारखा,
आणि नाकाशी नेला तर शिंक नाही येत,
कुठल्यातरी बुजलेल्या तळ्याचा वास येतो.

माझी आई, वोर्शा बुदार्योवा,
खाणीच्या पट्ट्याशी उभी असायची आठ तास.
पट्टा उजवीकडून डावीकडे वाहायचा
आणि तिचं काम एवढंच :
कोळसा नसेल ते उचलायचं.
दगड. यंत्राचा तुटका दात.
आणि लाकूड.

हो, लाकूड.
दलदलीतल्या सायप्रसचे बुंधे,
दीड कोटी वर्षं जमिनीखाली निजून
अजून लाकूडच राहिलेले. चिवट.
चक्कीत अडकायचे, पट्टा थांबायचा,
आणि मुकादम क्नोरिश
त्या झाडांच्या आईबापांचा उद्धार करायचा.

रात्रशाळेत शिकली होती आई, म्हणून सांगायची :
झाड पडतं, त्याच्यावर पाणी येतं,
संथ, शेवाळी, हवेला आत न घेणारं.
कुजायलासुद्धा हवा लागते गं.
ती नाही, तर कुजणंही अर्धवट.
मग त्यावर पुढची पानं, पुढची खोडं,
चिखल, वाळू,
मध्ये एकदा समुद्रच येऊन बसला आणि उठून गेला.
वजनानं पाणी पिळून निघतं,
पिळा घातलेल्या चादरीतून निघावं तसं,
आणि मागे राहतं
झाडानं कधीकाळी खाल्लेलं ऊन.

काही झाडांना हे पटलं नाही, एवढंच.

बाकी सगळं जायचं वीज केंद्रात.
तिथे त्याचं पीठ व्हायचं,
बॉयलरमध्ये फुंकलं की हवेतच पेटायचं,
आणि त्यावर काय, तर पाणी उकळायचं.
शेवटी पाणीच.
ज्यानं झाडाला बुडवलं
ते आता झाडाच्याच विस्तवावर.
वाफ टर्बाइन फिरवायची, टर्बाइन चुंबकाला,
आणि तिकडे बर्लिनमध्ये
कुणीतरी गुणगुणत दाढी करायचं.

एकोणऐंशीच्या सुरुवातीला पाऊस पडला
आणि त्याच रात्री पारा उणे वीसवर गेला.
ओला कोळसा वाघिणींमध्येच गोठला.
सैनिक आले, ड्रिल आणले,
दगड फोडावा तसा फोडत होते कोळसा.
आमचे दिवे गेले.
खिडकीतून केंद्राची धुराडी दिसत होती, थंड,
आणि आम्ही, त्यांच्या पायाशी राहणारे,
एका मेणबत्तीत तीन घरं बसलो होतो.

आई आली ती कोटाखाली काहीतरी लपवून.
चोरी म्हणा.
बुंध्याचा तुकडा, पावाच्या लादीएवढा.
करवतीनं तिनं त्याचे दोन केले,
एक शेगडीत घातला.
आधी राळेसारखा वास आला, मग गंधकाचा,
मग ऊब.
दुसऱ्याचा कापलेला चेहरा माझ्यापुढे धरला :
मोज. झोप नाही ना येत? मग मोज.

रफूच्या सुईचं टोक फिरवत मोजत गेले.
रुंद वर्षं. मग केसाएवढी बारीक वर्षं,
(इथे उपाशी राहिलं असेल, आई म्हणाली)
एकशे चाळीस, दोनशे सहा,
शेजारची म्हातारी ओठ हलवत माझ्याबरोबर,
तीनशे दहा, अकरा, बारा —

बल्ब लागला.
सगळे ओरडलो. सुई निसटली.
आईनं मेणबत्ती चिमटीत विझवली, उरलेली जपून ठेवली.
उद्या मोजू, म्हणाली.

पाच वर्षांनी गाव खाणीत गेलं,
चर्च, चेरीची झाडं, शेगडीसुद्धा.
आता तिथे तळं आहे.
पोरं शिडाच्या होड्या चालवतात.

तो तुकडा माझ्या खिडकीत असतो, चौथ्या मजल्यावर.
वाळून तडकला आहे, वलयांत वलयं मिसळली,
आता कुणालाच मोजता येणार नाही.
भेगांतून तपकिरी भुकटी गळते.
शनिवारी दिवा लावून पुसते मी ती.
बोटाला लागतेच.